खाट शिल्लक नाही



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र हाती आले तेव्हा पोस्टमनने पत्ता चुकविला असावा, असेच आम्हांस प्रथम वाटले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे व आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा प्रघात आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. आणि आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणाने म्हणतो असे कृपा करून समजू नये. पंचवीस-सव्वीस वर्षे संघटनेत काढल्यावर ‘मी’ हा शब्द जिभेवर यायला संकोचतो, इतकेच.

विषय आहे सरकारी रुग्णालयातील अपघात विभागाच्या गर्दीचा. हा विषय डॉक्टरांचा. त्यात चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या पुढाऱ्याने तोंड का घालावे? त्याचे उत्तर असे की आम्ही एकोणिसाव्या वर्षी एका जिल्हा रुग्णालयात बदली कामगार म्हणून लागलो ते स्ट्रेचर ढकलण्याच्या कामावर. रुग्णालय कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्यांना ‘सिव्हिल’ ठाऊक आहे त्यांना सगळी सिव्हिले ठाऊक आहेत. तेथे आम्हांला कोणी नावाने हाक मारीत नसे. पुरुष असेल तर ‘मामा’, बाई असेल तर ‘मावशी’. डॉक्टर रुग्णाला दोन मिनिटे पाहतो, सिस्टर पाच मिनिटे पाहते. पण दारापासून एक्स-रेपर्यंत, एक्स-रेपासून वॉर्डापर्यंत, आणि कधीकधी वॉर्डापासून त्या मागच्या खोलीपर्यंत रुग्णाबरोबर चालत जातो तो मामा. गर्दी कोठे तुंबते हे त्याला पायांनी कळते.

तरीही आम्हांला ते फार उशिरा कळले. कसे कळले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्यांचे गाळप ऐन भरात होते. रात्री एक ऊसतोड मजूर गाडीच्या चाकाखाली सापडला. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्याला सलाईन लावली, चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी रवाना’ असे लिहिले आणि १०८ च्या गाडीत घातले. गाडी जिल्ह्याला पोहोचली तेव्हा अपघात विभागात एकही ट्रॉली मोकळी नव्हती. होत्या त्या ट्रॉल्यांवर संध्याकाळपासून तीन रुग्ण पडून होते. त्यांना तपासून झाले होते, केसपेपरवर ‘दाखल करा’ असा शेराही पडला होता; पण वरच्या वॉर्डात खाट नव्हती. तेव्हा हा मजूर रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवर व्हरांड्यात राहिला. स्ट्रेचर अडकले म्हणून गाडी अडकली. गाडी आवारात उभी असतानाच त्याच तालुक्यातून दुसरा फोन आला, आणि त्या फोनला शेजारच्या तालुक्यातून गाडी पाठवावी लागली. शल्यचिकित्सक वर शस्त्रक्रियेत गुंतलेले. मजुराची बायको आमच्या एका मामाचा हात धरून सारखी म्हणत होती, “दादा, निदान आत तरी घ्या हो.” पहाटेच्या आधी तो गेला.

सकाळी आम्ही चाळीस-पन्नास माणसे गोळा केली आणि रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला घेराव घातला. ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी होती आणि आदल्या सकाळपासून उभी होती. आम्ही तिला जे बोललो ते येथे सांगण्यासारखे नाही. ती काही बोलली नाही. तिने फक्त दाखलपत्रांची वही आमच्यापुढे सरकविली. त्या तिन्ही ट्रॉल्यांवरच्या रुग्णांपुढे एकच शब्द होता, ‘प्रतीक्षेत’. आणि वेळ होती सायंकाळची. आम्ही घोषणा देत बाहेर पडलो खरे, पण ती वही डोळ्यांपुढून हलेना. मोर्चा चुकीच्या दारावर नेला होता.

सभ्य गृहस्थहो, आजच्या आमच्या भाषणात सांगण्यासारखी गोष्ट एवढीच आहे. गर्दी दिसते दारात, पण ती दारात तयार होत नाही. ती वरच्या वॉर्डात तयार होते आणि तालुक्याला तयार होते. या दोन ठिकाणांना हात न लावता अपघात विभागाचे दार रुंद केले, तेथे रंग दिला, खुर्च्या वाढविल्या, उद्घाटनाची फीत कापली, तर फार तर काय होईल? थांबणाऱ्यांना बसायला जागा मिळेल.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की लोक सर्दीपडशासाठी अपघात विभागात येतात आणि म्हणून तेथे मरणाची गर्दी होते. साहेब लोक हे फार खात्रीने सांगतात. सर्दीपडशाची माणसे येतात हे खरे. दिवसाची मजुरी बुडवून सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लावणे ज्याला परवडत नाही तो रात्री येणारच. पण तो खाट अडवीत नाही. गोळ्या घेतो आणि जातो. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात मोठ्या प्रमाणावर पाहणी केली गेली, तीतही किरकोळ दुखण्याच्या रुग्णांमुळे इतरांना होणारा उशीर काही मिनिटांचाच निघाला. तासांचा उशीर होतो तो ज्याला दाखल करायचे ठरले आहे पण ज्याला खाट नाही, त्याच्यामुळे. म्हणजे दोष त्या गरिबाच्या खोकल्याचा नव्हे.

आता खाटेचा हिशेब पाहू. गणित सातवीचेच आहे, आम्हांला जमते. एका वॉर्डात ३० खाटा आहेत आणि रुग्ण सरासरी ५ दिवस राहतो असे धरा. रोज ६ खाटा मोकळ्या होतील, रोज ६ रुग्ण आत घेता येतील. आता काहीही कारणाने प्रत्येकाचा एक दिवस वाढला, ५ चे ६ झाले, की रोज ५ च रुग्ण आत जातील. सहावा कोठे जाईल? जमिनीवर, किंवा अपघात विभागातील ट्रॉलीवर. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवड्यात सात. नवा आजार आला नाही, साथ आली नाही, लोकसंख्या वाढली नाही. केवळ एक दिवस वाढला, आणि व्हरांडा भरला.

हा एक दिवस वाढतो कसा, हे पाहण्यासाठी आम्ही घेरावानंतर आमच्याच सभासदांना वह्या दिल्या. रुग्णाला ‘घरी जा’ असे डॉक्टर केव्हा म्हणाले आणि खाट खरोखर केव्हा रिकामी झाली, एवढेच टिपायचे. पंधरवड्यात त्या वह्यांनी आमचे डोळे उघडले. मोठ्या डॉक्टरांची फेरी अकराला. फेरीत ‘सुट्टी’ म्हणायचे, पण कागद लिहिणारा शिकाऊ डॉक्टर तोवर शस्त्रक्रियागृहात पळालेला. कागद दुपारी दोनला. जन आरोग्य योजनेतला रुग्ण असेल तर त्याच्या कागदांची आणखी एक फेरी. औषधे घ्यायला गेले तर खिडकी बंद. इतक्यात नातेवाईक म्हणणार, शेवटची एस.टी. गेली, आता उद्या. आणि उद्या अमावास्या निघाली की परवा! आम्ही थट्टा करीत नाही. अमावास्येला रुग्ण घरी न्यायचा नाही म्हणून भांडणारी शिकलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. शनिवारी-रविवारी फेरीच अर्धी होते, म्हणून सोमवारी सकाळी अपघात विभागाची दशा सर्वांत वाईट.

आणि एक गोष्ट त्या वह्यांत अशी निघाली की जी आम्हांला बोलायला जड जाते. दुपारी पाळी बदलते त्या वेळी अर्धा-पाऊण तास एकही रुग्ण वर हलत नव्हता. जाणारा मामा म्हणे, येणारा नेईल. येणारा म्हणे, जाणाऱ्याने न्यायला हवा होता. खाट रिकामी, चादर बदललेली, आणि खाली ट्रॉलीवर माणूस. यावर अधीक्षकांनी पूर्वी एकदा नोटीस काढली होती, आणि ती नोटीस मागे घ्यायला लावणारे आम्हीच होतो. कामाच्या वेळेचा प्रश्न म्हणून आम्ही तो लढविला आणि जिंकला. त्या विजयाचे पेढेही वाटले होते.

तथापि याची दुसरी बाजूही ऐका. जी माणसे हलवायची ती आहेत किती? मंजूर जागा कागदावर आहेत. माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही. मग ठेकेदार येतो, आणि कंत्राटी मुलाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल याची शाश्वती नाही. रात्री दोन-दोन वॉर्डांना मिळून एक मामा. चादर बदलायला मावशी नाही म्हणून रिकामी झालेली खाट तासभर रिकामीच राहते, हे कोणत्याही अहवालात येत नाही. अहवालात डॉक्टरांच्या रिक्त जागा येतात, क्वचित परिचारिकांच्या येतात. झाडूवालीची रिक्त जागा म्हणजे केवळ बचत!

२०२३ साल आपणां सर्वांच्या स्मरणात असेल. ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. मग ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या दरम्यान नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ गेले, त्यांत १२ नवजात बालके होती. दोन्हीकडे प्रशासनाने सांगितले की यांतील पुष्कळ रुग्ण दुरून आणि अखेरच्या अवस्थेत आले. हे कारण म्हणून सांगितले गेले. आम्हांस तर ती फिर्याद वाटते. अखेरच्या अवस्थेत येईपर्यंत ते कोठे होते? वाटेत कोणकोणती रुग्णालये लागली? नांदेडला तर पुढे एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करविले, आणि ते दृश्य देशभर दाखविले गेले. अधिष्ठात्यांचा अपमान झाला म्हणून डॉक्टर मंडळी चिडली, ते योग्यच होते. पण आमच्या मावश्यांनी ते चित्र पाहून विचारले, “दादा, झाडू हातात देणं ही शिक्षा असेल, तर आमचा गुन्हा काय?” त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

आता तालुक्याकडे वळू. येथे एक जुना निवाडा सांगतो, कारण तो आमच्यासारख्याच एका संघटनेने मिळविलेला आहे. ८ जुलै १९९२ रोजी बंगालात मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नाही, म्हणून पुढे पाठविला. मध्यरात्रीच्या आधी कलकत्त्याच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पोहोचला. तेथे डॉक्टरांनी पाहिले, एक्स-रे काढले, ताबडतोब दाखल करा असे लिहिले. पण खाट नाही. दुसऱ्या रुग्णालयात खाट नाही. तिसऱ्यात सोय नाही. रात्री दोनला चौथ्यात, खाट नाही. दुसऱ्या दिवशीही तीच प्रदक्षिणा. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून तो माणूस वाचला. तो ज्या संघटनेचा सभासद होता ती ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ सर्वोच्च न्यायालयात गेली. मे १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. मजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली.

भरपाईपेक्षा त्या निकालपत्रातला दुसरा भाग आम्हांला मोलाचा वाटतो. आरोग्य केंद्रात रुग्णाला निदान स्थिर करण्याइतकी सोय हवी. जिल्ह्याची आणि उपविभागाची रुग्णालये अशी सुधारावीत की गंभीर रुग्णाला तेथल्या तेथे उपचार मिळतील. कोठे खाट मोकळी आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती दळणवळण हवे, म्हणजे रुग्ण तेथेच थेट पाठविता येईल. चौकशी समितीने तर असेही सुचविले होते की पाठविण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयाशी बोलून घ्यावे. तीस वर्षे होत आली. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सिनेमाच्या कोणत्या रांगेतली कोणती खुर्ची रिकामी आहे हे घरबसल्या समजते. आणि आमच्या तालुक्याहून निघालेल्या माणसाची खाट आहे की नाही, हे तो दारात येऊन पडल्यावर समजते.

तालुक्याचा डॉक्टर चिठ्ठी का लिहितो, हेही समजून घेतले पाहिजे. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचे. शल्यचिकित्सक असला तर भूलतज्ज्ञ नाही. भूलतज्ज्ञ असला तर रक्त नाही. बाळंतीण अडली आणि भूल देणारा नाही, तर तो बिचारा काय करणार? त्यातून रुग्ण दगावला तर गावकरी खुर्च्या फोडणार. मारहाणीविरुद्ध २०१० साली राज्याने कायदा केला, पण कायदा रात्री दोन वाजता दाराशी उभा राहत नाही. जबाबदारी अंगावर घेण्यापेक्षा ‘रवाना’ लिहिणे सुरक्षित. आणि १०८ ची गाडी आहेच. २०१४ साली ही सेवा आपल्या राज्यात सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, गाडीत डॉक्टर ठेवून, फुकट. तिने असंख्य जीव वाचविले. तिच्याविरुद्ध आम्ही चकार शब्द काढणार नाही. पण रस्ता सुधारला, गाडी आली, आणि मुक्कामाची खाट तेवढीच राहिली, की सगळा तालुका वेगाने येऊन एकाच दारात उभा राहतो, हेही त्यातून घडले.

हे सर्व पूर्वी कोणाला सुचले नव्हते असे नाही. नाशिकला जन्मलेले आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच अहवाल दिला. दीर्घ मुदतीच्या योजनेत त्यांनी दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय मागितले होते. आज मैदानी भागात तीस हजार वस्तीमागे एक आरोग्य केंद्र, आणि त्यात सहा खाटा. वाचनालयात तो अहवाल प्रथम वाचला तेव्हा ७५ हा आकडा छापताना चुकला असावा असे आम्हांस वाटले होते.

परदेशात काय चालते, असे कोणी विचारील. इंग्लंडात सरकारने नियम केला की अपघात विभागात आलेल्या माणसाचा निकाल चार तासांत लागलाच पाहिजे, आणि २००४ च्या अखेरीपर्यंत १०० पैकी ९८ जणांच्या बाबतीत हे साधावे. पुढे ते ९५ वर आणले. काही वर्षे रांगा खरोखर कमी झाल्या, हे मान्य केले पाहिजे. पण चार तास भरत आले की शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण वर ढकलण्याची धांदल उडे. आणि वरच्या खाटा अपुऱ्या पडू लागल्या तशी घड्याळाची मात्रा चालेनाशी झाली. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर साऱ्या इंग्लंडचे मिळून ते प्रमाण एकदाही गाठले गेलेले नाही. दारावर घड्याळ लावले आणि आत खाट वाढविली नाही, की असे होते.

दारात करण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे वर्गवारी. नेपोलियनच्या सैन्यातील लारे नावाच्या शस्त्रवैद्याने ती घालून दिली: जखम पाहायची, हुद्दा पाहायचा नाही. तांबडी पट्टी आधी, मग पिवळी, मग हिरवी. आपल्या मोठ्या रुग्णालयांत ही पद्धत आली आहे, पण आपल्याकडे चौथी एक पट्टी असते, ती दिसत नाही, ती वशिल्याची. नगरसेवकाचा फोन आला की हिरव्याचा तांबडा होतो. आम्ही स्वतः असे फोन केलेले आहेत, सभासदांसाठी. आता करीत नाही, असे म्हणण्याइतपत सुधारणा आमच्यात झाली आहे.

घेरावानंतर पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. वह्या घेऊन आम्ही अधीक्षकांकडे गेलो. माणूस भला होता. त्यांच्या दालनात ती घेरावातली डॉक्टर मुलगीही होती. आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “काका, ते राहू द्या, ट्रॉल्यांचं आधी बघा.” तेव्हा चार गोष्टी ठरल्या. रुग्णवाहिका आली की तिचे स्ट्रेचर अडवायचे नाही; त्यासाठी दारात दोन ट्रॉल्या राखून ठेवायच्या. सुट्टी मिळालेला रुग्ण कागद होईतो खाटेवर न राहता खालच्या एका मोकळ्या खोलीत बाकावर बसेल. तेथे पंखा आणि पाण्याचा माठ. पाळी बदलण्याच्या वेळी दोन मामा अर्धा तास अधिक थांबतील, आणि त्यांना तो वेळ बदली रजेत मिळेल. हे सभासदांच्या बैठकीत मंजूर करून घ्यायला आम्हांला तीन बैठका आणि पुष्कळ शिव्या लागल्या. आणि चौथी गोष्ट, तालुक्याहून रुग्ण निघण्यापूर्वी एक फोन.

ट्रॉल्या टिकल्या. त्यांतली एक साखळीने बांधून ठेवावी लागते, नाहीतर रंगवाले तिच्यावर डबे ठेवून नेतात. बाकाची खोली टिकली. दोन मामांचा अर्धा तास टिकला. फोनची पद्धत आठ-नऊ महिने नीट चालली. अधीक्षकांची बदली झाली आणि ती मोडली, कारण ती कोणत्याही आदेशात नव्हती, एका माणसाच्या शब्दावर होती. ती लेखी आदेशात आणावी म्हणून रुग्ण कल्याण समितीकडे आमचा अर्ज पडून आहे. त्या समितीत या गावचे प्रतिष्ठित नागरिक असतात; त्यांतले दोघेतिघे आज पुढच्या रांगेत बसलेले आम्हांला दिसत आहेत, म्हणून हे जरा मोठ्याने सांगितले. रिक्त जागांचा लढा चालू आहे, आणि तो लवकर संपेल असे आश्वासन आम्ही देत नाही.

अपघात विभागाच्या दारात आम्ही एक काळा फळाही लावून घेतला. दर दोन तासांनी एक मामा सगळ्या वॉर्डांतून फिरतो आणि मोकळ्या खाटांचे आकडे खडूने लिहितो. नव्या साहेबांना तो फळा आवडत नाही. शून्य लिहिलेले बाहेरच्या लोकांना दिसते, असे त्यांचे म्हणणे आहे. फळा आम्ही काढू दिलेला नाही.